सत्तेचाळीस सेकंद आणि वीस वर्षं

आजचं वाचन: इब्री लोकांस पत्र १२:१-२
सोबत वाचा: १ करिंथ ९:२४-२७, मार्क २:२३-२८



आज मननाला सुरुवात करण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे.

आमच्या तरुण संघात एक मित्र आहे. आहे म्हणू की होता म्हणू, हे मलाच नीट कळत नाही. त्याने मुंबई मॅरेथॉनसाठी नाव नोंदवलं होतं. तुमच्यापैकी जे धावतात त्यांना माहीत आहे, मॅरेथॉन रविवारी असते. आणि नुसती शर्यतच नाही, तिच्या आधीचे लाँग रनही रविवारीच, कारण बाकी सहा दिवस ऑफिस. दोन-तीन महिने हा पठ्ठ्या रविवारी पहाटे चारला उठून वीस-पंचवीस किलोमीटर धावायचा आणि उपासनेला कधी उशिरा, कधी अजिबात नाही. त्या शनिवारी वचन सांगायची पाळी माझी होती. मी एरिक लिडेलची गोष्ट सांगितली. रविवार पाळण्यासाठी ज्याने ऑलिंपिकमधली शर्यत सोडली, तो एरिक लिडेल. सांगताना मी पूर्ण वेळ एकाच माणसाकडे बघत होतो, आणि खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं मी कोणाकडे बघतोय.

तो चहाला थांबला. कप विसळून ठेवला. पुढच्या शनिवारपासून आला नाही.

मला तेव्हा वाटलं, वचन बोचलं असेल. खरं सांगतो, थोडं समाधानही वाटलं होतं. मग या उपवासकाळात मी एरिकचं आयुष्य पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं आणि लक्षात आलं की मी त्याची अर्धीच गोष्ट सांगितली होती. पहिली अर्धी. सोपी अर्धी. आज उरलेली सांगतो.

आधी वचनाकडे बघू या. इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्याने आपल्यापुढे मैदान उभं केलंय. आजूबाजूला साक्षीदारांचा मेघ, अंगावरचं ओझं उतरवायचं, पायात गुंतणारं पाप बाजूला टाकायचं, आणि धावायचं. पण कसं? वेगाने असं तो म्हणत नाही. धीराने म्हणतो. तिथे मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, हुपोमोने, तो दोन शब्दांचा बनलाय: खाली, आणि राहणे. ओझ्याखालून पळून न जाता तिथेच टिकून राहणं. ज्याने कधी पंधरा किलोमीटरच्या पुढे धावून पाहिलंय त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पहिले पाच किलोमीटर आपण कोणीही हिरो असतो. पायात गोळे यायला लागतात, डोक्यातला आवाज सांगतो की बस झालं, रिक्षा कर आणि घरी जा, तिथून पुढे हुपोमोने सुरू होतं.

गंमत म्हणजे एरिक लिडेल लांब पल्ल्याचा धावपटू नव्हताच. ऑलिंपिकमधली त्याची सर्वांत मोठी शर्यत ४०० मीटरची, म्हणजे मैदानाला एक फेरी. तरीही या वचनासाठी मला त्याच्याहून योग्य माणूस सापडत नाही.

त्याचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमध्ये, तिएन्त्सिन शहरात झाला. आज त्याला तिआनजिन म्हणतात. आईवडील स्कॉटिश, लंडन मिशनरी सोसायटीचे सेवक. एरिक सहा वर्षांचा असताना त्याला आणि थोरल्या भावाला, रॉबला, इंग्लंडमध्ये मिशनऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या बोर्डिंग शाळेत ठेवलं, आणि आईवडील चीनला परतले. त्या काळी हे नेहमीचंच होतं. पण सहा वर्षांचं पोर! त्यानंतरच्या शाळेच्या सगळ्या वर्षांत आईवडिलांची भेट मोजकीच झाली. हे इथे मुद्दाम लिहितोय. पुढे छावणीतल्या, आईबापांपासून तुटलेल्या मुलांकडे त्याचा जीव का ओढला, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

१९२० मध्ये तो एडिंबरा विद्यापीठात विज्ञान शिकायला गेला आणि तिथे त्याचे पाय सगळ्या स्कॉटलंडला माहीत झाले. रग्बीत तो स्कॉटलंडकडून सात सामने खेळला. धावण्यात १९२३ मध्ये १०० यार्ड ९.७ सेकंदांत पार केले. तो ब्रिटिश विक्रम पुढे कित्येक वर्षं टिकला. धावण्याची ढब मात्र अगदी बेढब. मान मागे टाकलेली, तोंड आभाळाकडे, हात पवनचक्कीसारखे. कोणताही कोच आज त्याचा व्हिडिओ बघून कपाळाला हात लावेल. शर्यतीआधी तो प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवायचा. तेव्हा स्टार्टिंग ब्लॉक नव्हते, पाय रोवायला मातीत छोटे खड्डे खणावे लागायचे. एरिक आपलं खुरपं बाकीच्यांना द्यायचा.

त्याच वर्षी जुलैमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट इथे ४४० यार्डांच्या शर्यतीत सुरुवातीलाच धक्का लागून तो ट्रॅकबाहेर पडला. उठेपर्यंत बाकीचे वीसेक यार्ड पुढे गेले होते. तो उठला, धावला आणि जिंकला. आमच्याकडे संडे स्कूलमध्ये हा प्रसंग नेहमी सांगतात, पडलात तरी उठा म्हणून. चांगलाच आहे. मी मात्र त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका गोष्टीपाशी जास्त थांबतो. एप्रिलमध्ये आर्माडेल नावाच्या गावात एका सुवार्ता सभेत तो पहिल्यांदाच लोकांसमोर आपल्या विश्वासाविषयी बोलला. स्वभाव लाजाळू, भाषणाची सवय नाही. वक्तृत्व असं काही नव्हतंच. तो साधं, हळू आवाजात बोलायचा. पण त्या दिवसानंतर आपण प्रभूचे आहोत हे त्याने कधी लपवलं नाही.

आता पॅरिस, १९२४.

चित्रपट बऱ्याच जणांनी पाहिलाय. १९८१ सालचा, चार ऑस्कर मिळालेला चॅरियट्स ऑफ फायर. त्यात असं दाखवलंय की जहाजावर चढता चढता एरिकला कळतं की १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी आहेत. प्रत्यक्षात त्याला हे कितीतरी महिने आधी कळलेलं होतं. बहीण जेनी त्याच्या धावण्याच्या विरोधात होती असंही चित्रपटात आहे. तेही खरं नाही. मला वाटतं, खरी हकीकत जास्त अवघड आहे. क्षणात घेतलेला शूर निर्णय एक वेळ सोपा. इथे महिनोन्‌महिने लोक विचारत राहिले, वर्तमानपत्रं टीका करत राहिली आणि हा रोज सकाळी उठून त्याच निर्णयासोबत सरावाला जात राहिला. १०० मीटर सोडली, दोन्ही रिलेही सोडल्या. उरल्या २०० आणि ४००, म्हणून त्यांची तयारी केली.

६ जुलैच्या रविवारी १०० मीटरच्या फेऱ्या झाल्या, तो धावला नाही. ती शर्यत त्याच्याच संघातल्या हॅरॉल्ड अब्राहम्सने जिंकली. ९ जुलैला २०० मीटरमध्ये एरिकला कांस्यपदक मिळालं. ११ जुलैला ४०० ची अंतिम शर्यत. त्या दिवशी संघाच्या मालिशवाल्याने त्याच्या हातात एक चिठ्ठी दिली. देवाचा मान राखणाऱ्याचा मान देव राखतो, हे जुन्या करारातलं वचन तिच्यात आठवण म्हणून लिहिलं होतं. १ शमुवेल २:३० उघडून बघा. कोणा बिशपने नाही, सेनापतीने नाही, पाय चोळणाऱ्या माणसाने दिलेली चिठ्ठी. मला हा तपशील फार आवडतो.

त्याला सगळ्यांत बाहेरची लेन मिळाली होती. तिथून बाकीचे कोणी दिसत नाहीत. बंदूक वाजली आणि एरिकने पहिले २०० मीटर २२.२ सेकंदांत काढले. धावणाऱ्यांनो, हे म्हणजे हाफ मॅरेथॉनचे पहिले पाच किलोमीटर दहा किलोमीटरच्या पेसने मारण्यासारखं झालं. जाणकारांना वाटलं हा आता कोसळणार. तो कोसळला नाही. मान मागे गेली, हात गरगरले आणि ४७.६ सेकंदांत त्याने सुवर्णपदक घेतलं. विश्वविक्रम. दुसरा आलेला अमेरिकेचा होरेशिओ फिच ०.८ सेकंद मागे होता.

आठवड्याभरात, १७ जुलैला, एडिंबरा विद्यापीठाचा पदवीदान समारंभ. एरिकच्या डोक्यावर प्राचीन ग्रीक विजेत्यासारखा पानांचा मुकुट घातला गेला आणि विद्यार्थ्यांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. आता १ करिंथ ९:२५ वाचा. करिंथजवळच इस्थमियन खेळ भरायचे, विजेत्याला पानांचाच मुकुट मिळायचा. पौल नेमका त्याच मुकुटाविषयी लिहितो: खेळाडू सुकून जाणाऱ्या मुकुटासाठी एवढे कष्ट घेतात, आपला मुकुट तर न सुकणारा. एरिकच्या डोक्यावरची पानंही दोन-चार दिवसांत सुकली असणार.

मी त्या शनिवारी इथे थांबलो होतो. देवाचा मान राखला, पदक मिळालं, आमेन. आता मला वाटतं, इथे थांबणं धोक्याचंही आहे. रविवार पाळला की सोनं मिळतं, असा हिशोब त्यातून निघतो. प्रभूने एरिकच्या आयुष्यात असा हिशोब ठेवलेला दिसत नाही.

एक वर्ष ईश्वरविज्ञान शिकून १९२५ मध्ये तो चीनला निघाला. वय २३. एडिंबरामध्ये लोकांनी त्याची गाडी ओढत स्टेशनपर्यंत नेली. मग सैबेरियातून रेल्वेने तो लांबलचक प्रवास. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये तो नव्हता. तो तिएन्त्सिनच्या अँग्लो-चायनीज कॉलेजमध्ये मुलांना विज्ञान शिकवत होता, संडे स्कूल चालवत होता. अशी बारा वर्षं गेली. या वर्षांवर कोणी चित्रपट काढणार नाही. वह्या तपासणं, प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या, मुलांचे खेळ, आजारी विद्यार्थ्याच्या घरी जाणं. लाँग रनचे मधले किलोमीटर असतात ना, आठ ते सोळा? ना टाळ्या, ना फोटो, ना फिनिश लाइन दिसत. तसं.

१९३२ मध्ये त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९३४ मध्ये फ्लॉरेन्स मॅकेन्झीशी लग्न झालं. ती कॅनडाच्या मिशनरी घरातली, शिकलेली नर्स. पॅट्रिशिया आणि हेदर या दोन मुली झाल्या. शहर, घर, बायको-मुली, नोकरी. आपण म्हणतो ना, सेटल झाला.

तेव्हा मिशनने त्याला शिआओचांग या खेड्याकडे जायला सांगितलं. आजूबाजूला दुष्काळ आणि युद्ध. जपानी सैन्य एकीकडे, चिनी सैन्य दुसरीकडे, मध्ये शेतकरी. रॉब तिथल्या रुग्णालयात डॉक्टर होता. एरिकने लगेच होकार दिला नाही, बराच काळ प्रार्थना केली आणि १९३७ च्या शेवटी तो गेला. धोका होता म्हणून फ्लॉरेन्स आणि मुलींना सोबत जायची परवानगी नव्हती. त्या तिएन्त्सिनमध्येच राहिल्या. ज्याचं बालपण आईवडिलांविना गेलं त्याच्याच मुली आता वडिलांची वाट बघत होत्या. हे लिहिताना मला अडखळायला होतं. त्याचं बरोबर होतं की चूक, मला ठरवता येत नाही.

त्या भागात तो सायकलवर आणि पायी गावोगाव फिरायचा. एकदा एका पडक्या देवळात पडलेल्या जखमी माणसाला आणायला तो खेचरगाडी घेऊन गेला. परतताना कळलं की आणखी एक जण आहे. त्याचा शिरच्छेद करायचा प्रयत्न झाला होता, वार चुकला आणि मान अर्धवट कापली जाऊन तो जिवंत राहिला होता. एरिकने त्यालाही गाडीत घेतलं आणि सैनिकांच्या वाटा चुकवत मैलोन्‌मैल गाडीसोबत चालत दोघांना रुग्णालयात आणलं. पहिला वाचला नाही. दुसरा वाचला. तो चित्रकार होता. पुढे त्याने एरिकसाठी फुलांची चित्रं काढली.

१९४१ मध्ये परिस्थिती बिघडली तेव्हा त्याने गरोदर फ्लॉरेन्सला आणि मुलींना कॅनडाला पाठवलं. मागाहून आपण येऊ, असा बेत होता. सप्टेंबरमध्ये टोरांटोला तिसरी मुलगी झाली, मॉरीन. एरिकने तिला कधीच पाहिलं नाही.

मार्च १९४३ मध्ये जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या नजरकैद छावणीत नेलं. शानतुंग प्रांतातलं जुनं मिशनचं आवार, तटबंदी, टेहळणी बुरूज, आणि आत दीड हजारांहून अधिक माणसं: व्यापारी, मिशनरी, कॅथलिक धर्मगुरू, नन, वादक, म्हातारे, तान्ही बाळं. जेवणाची रांग, पाण्याची रांग, संडासाची रांग. आपल्या लोकलमधल्या फर्स्ट क्लासच्या गर्दीत दोन तास काढा आणि मग विचार करा, तेच अडीच वर्षं. अशा ठिकाणी चांगले चांगले विश्वासणारे भांडले. कोळशावरून, खोलीतल्या काही इंचांवरून. छावणीतून आलेल्या आठवणींमध्ये हे सगळं मोकळेपणाने लिहिलंय, आणि मिशनरीही त्यातून सुटलेले नाहीत.

एरिक तिथे काय करत होता? म्हाताऱ्यांसाठी पाणी आणि कोळसा वाहत होता. मुलांना विज्ञान शिकवत होता. प्रयोगशाळा नाही म्हणून उपकरणांची चित्रं हाताने काढून. चेफूच्या मिशन शाळेतली मुलं आईबापांशिवाय तिथे आणून ठेवली होती. ती सगळी त्याला अंकल एरिक म्हणायची. तुटलेल्या हॉकी स्टिकांना तो चादरीच्या पट्ट्या गुंडाळून द्यायचा. आणि पहाटे, बाकीचे झोपलेले असताना, खोलीतल्या एका सोबत्याबरोबर शेंगदाण्याच्या तेलाच्या छोट्याशा दिव्यापुढे बायबल घेऊन बसायचा. रोज. प्रियांनो, अ‍ॅपवर स्ट्रीक तुटली म्हणून हळहळणारे आपण, तो दिवा आठवू या.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

छावणीत मुलांच्या खेळांची जबाबदारी एरिककडे होती. सोमवार ते शनिवार सामने, शर्यती, सगळं. रविवारी मात्र काही नाही. अर्थातच. हा एरिक लिडेल होता. पण कोंडलेल्या पोरांना रविवार खायला उठायचा. काही जणांनी ठरवलं की आपण आपले खेळू, आणि एका रविवारी पंचाशिवाय हॉकीचा सामना मांडला. व्हायचं तेच झालं. शेवट हाणामारीत झाला, स्टिका एकमेकांवर उगारल्या गेल्या.

एरिककडे तयार उत्तर होतं. रविवारी खेळलात, बघा काय झालं. मी त्याच्या जागी असतो तर हेच वाक्य टाकलं असतं, आणि खोलीभर नजर फिरवली असती.

एरिक काही दिवस गप्प राहिला. पुढच्या रविवारी मुलं मैदानात आली तेव्हा तो तिथे उभा होता. हातात शिट्टी. पंच म्हणून.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. ज्या माणसाने साऱ्या जगासमोर रविवारी धावायला नकार दिला त्याने रविवारी शिट्टी वाजवली? मग पॅरिस चुकलं होतं का? की वेइशिएनमध्ये तो ढिला पडला?

मला जे उमगलं ते असं. पॅरिसमध्ये रविवार पाळण्याची किंमत एरिकने स्वतःच्या खिशातून दिली. गेलं तर त्याचं पदक जाणार होतं. नकार स्वतःपुरता होता. वेइशिएनमध्ये त्याच रविवारची किंमत मुलं देत होती, आणि ती त्यांच्याकडून वसूल करायला तो तयार नव्हता. शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, हे प्रभूने भुकेल्या शिष्यांची बाजू घेताना सांगितलं; मार्क २ मध्ये आहे. प्रभूने तिथे स्वतःसाठी सवलत मागितलेली नाही, शिष्यांसाठी मागितली आहे. एरिकने हे शास्त्र वाद घालून सिद्ध केलं नाही. तो मैदानात जाऊन उभा राहिला. आणि वीस वर्षांच्या अंतराने त्याच्या दोन रविवारांना, न धावलेल्या आणि शिट्टी वाजवलेल्या, जोडणारा धागा मला एकच दिसतो: दोन्ही वेळा त्याने स्वतःचं काहीतरी सोडलं. दुसऱ्या वेळी तर ज्या तत्त्वामुळे जग त्याला ओळखत होतं तेच सोडलं. मला हे सुवर्णपदक सोडण्याहून अवघड वाटतं. ओझं उतरवा, असं इब्री १२ सांगतं तेव्हा मला नेहमी पाप, मोबाईल, आळस एवढंच सुचायचं. आपल्या साक्षीची कीर्ती हेही ओझं असू शकतं, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

मी मित्राला जे सांगितलं ते या उलट होतं. रविवारची किंमत मी त्याच्या खिशातून घ्यायला निघालो होतो, आणि माझा एक पैसाही लागत नव्हता. (उपासना चुकवली तरी चालते असं मी म्हणत नाहीये, कृपया तसं वाचू नका. त्याच्याशी बोलायला हवं होतंच. पण दोघांनी बसून, किंवा त्याच्यासोबत पाच किलोमीटर धावून. बैठकीत सगळ्यांसमोर बाण मारून नाही.)

शेवटचा टप्पा. १९४४ संपता संपता एरिकला तीव्र डोकेदुखी सुरू झाली. चेहरा उतरला, चाल मंदावली. छावणीतल्या शर्यतीत एका तरुणाने त्याला मागे टाकलं. डॉक्टरांना वाटलं अतिश्रम, मनावरचा ताण. त्यालाही तसंच वाटलं आणि याचीच त्याला खंत लागली: आपला विश्वास आहे तर सगळी चिंता प्रभूवर टाकता यायला हवी, मग मन असं का खचतंय? तुमच्यापैकी काही जण याच प्रश्नाशी रात्री झगडता हे मला माहीत आहे. म्हणून हे नीट वाचा. त्याच्या विश्वासात काहीही कमी पडलेलं नव्हतं. त्याच्या मेंदूत गाठ होती. मृत्यूनंतर शवविच्छेदनात ती सापडली.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजी त्याने फ्लॉरेन्सला छोटं पत्र लिहिलं: कामाचा ताण फार झाला, आता जरा हलकं काम घेईन म्हणतो. त्याच संध्याकाळी तो गेला. वय ४३. लाकडी क्रूसावर त्याचं नाव बुटांच्या पॉलिशने लिहिलं होतं. सहा महिनेही उरले नव्हते. १७ ऑगस्टला छावणी मुक्त झाली. फ्लॉरेन्सला बातमी मे महिन्यात कळली. इब्रीच्या अकराव्या अध्यायातले साक्षीदार वचनाची पूर्ती न पाहताच विश्वासात मरण पावले, असं लेखक सांगतो, आणि बाराव्याच्या पहिल्याच ओळीत त्यांनाच आपल्याभोवती उभं करतो. तिथे मला आता एक ओळखीचा चेहरा दिसतो, मान मागे टाकलेला.

मृत्यूच्या काही आठवडे आधी एरिकने छावणीतल्या एका मुलाला आपले धावण्याचे बूट दिले होते. स्टीफन मेटकाफ त्याचं नाव. हिवाळा होता, पोराचे बूट फाटले होते. एरिकचेही काही धड नव्हते, दुरुस्त करून, दोऱ्याने बांधून टिकवलेले. याच मुलाला त्याने मत्तय ५:४४ शिकवलं होतं: पहारेकऱ्यांचा द्वेष वाटतो ना, मग त्यांच्यासाठी प्रार्थना कर. स्टीफन करू लागला. एरिकची शवपेटी वाहणाऱ्यांत तो होता. जिवंत सुटलो तर जपानमध्ये मिशनरी म्हणून जाईन, असं त्याने देवाला सांगितलं, आणि १९५२ मध्ये तो खरोखरच जपानला गेला. कितीतरी वर्षं तिथे राहिला. ज्यांनी त्याला कोंडलं होतं त्यांच्याच देशात.

काल रात्री मी मित्राला मेसेज केला. माफी मागितली, आणि विचारलं की येत्या शनिवारी पहाटे तू कुठून धावायला सुरुवात करतोस. निळ्या टिक दिसल्या आहेत. उत्तर अजून आलेलं नाही. बूट मी दाराजवळ काढून ठेवलेत.

उद्याचं वाचन: इब्री लोकांस पत्र १२:३-११